म्हादेवचा ओट्सचा नैवेद्य

...आणि सहाच्या सहा घाणे मी खाल्ले! मी! म्हादेवने नाही, त्याच्या पोराने नाही, सुनेने नाही... मी, ह्या बुधाजीने! आता तुम्ही म्हणाल, काय रे बुधाजी, ओट्सच्या वड्या, आत फणसाचं सारण, साजूक तूप, आणि वर तूच रडतोस? अहो तुम्हाला सांगतो, पहिल्या घाण्याला माझी वरची कवळी हलली, आणि तिसऱ्या घाण्याला ती अशी चिकटून बसली की निघता निघेना! शेवटी मीराबाईने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, कोमट पाण्याचा तांब्या माझ्यापुढे आपटला आणि म्हणाली, "बसा आता गुळण्या करत. मैत्री निभावताय ना!"

बरं, हे सगळं कशासाठी? पोटासाठी? नाही. दुकान काढायचंय? छे! एका माणसाने एक घास खावा आणि "बरं झालंय हो" म्हणावं, एवढ्यासाठी! आणि ते माणूस कोण, तर म्हादेवची स्वतःची बायको. लक्ष्मीवहिनी. जी रोज समोर बसून त्याला चहा देते, ती!

थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काही कळायचं नाही.

आम्ही काळाचौकीचे. आधी चाळीत भिंतीला भिंत होती, आता चाळीच्या जागी बावीस मजली टॉवर आला, तर सतराव्या मजल्यावर दाराला दार आहे. चाळ गेली, पण दार लावून घ्यायची सवय काही आम्हाला लागली नाही. म्हादेवकडे फोडणी पडली की शिंका माझ्या घरात. आणि वाट्या! त्यांची वाटी आमच्याकडे, आमची त्यांच्याकडे, आमटी जाते, उसळ येते, कुठली वाटी मुळात कोणाची हे आता दोन्ही घरांत कोणी छातीठोक सांगू शकणार नाही.

आणि म्हादेव म्हणजे काय चीज आहे ते ऐका. कॉटन ग्रीनच्या गोदामात हा चाळीस वर्षं धान्याचे नमुने काढायचा. पोत्यात ती टोकदार नळी खुपसायची, मूठभर दाणे हातावर घ्यायचे, नाकाशी न्यायचे आणि निकाल द्यायचा. "हे भिजवून वाळवलंय." "ह्याला पंधरा दिवसांत सोंडे पडणार." तोंडात एक दाणा टाकायचा नाही, फक्त नाक! शेठ लोक म्हणे श्वास रोखून उभे राहायचे. रिटायर झाला, पण नाकाचा तोरा काही उतरला नाही.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्याची तंद्री. उभ्याउभ्या लागते हो! दूधवाल्यासमोर पिशवी धरून उभा आहे, डोळे टक्क उघडे, आणि माणूस मालवणात! दूधवाला म्हणतो, "काका, हो गया," आणि हा गावच्या कुठल्यातरी पाणंदीतून चाललेला असतो. हाक मारली की असा बघतो, जशी काही आपणच त्याच्या गावात आगंतुक घुसलोय.

आता त्यांच्या घरचा रिवाज सांगतो. नैवेद्य करताना चव बघायची नाही, हे तुमच्याही घरी असेल. पण ह्यांच्याकडे त्याच्यापुढचं एक कलम आहे, म्हादेवच्या आईने घालून दिलेलं. नैवेद्य खाल्ल्यावरही बोलायचं नाही! चांगलं झालंय म्हणायचं नाही, वाईट झालंय म्हणायचं नाही. म्हातारी ठणकवायची, "देवाच्या पुढ्यातसून इला ता! त्येका तुमी कोण नावां ठेवणारे आणि कोण शाबासकी देणारे? गपचूप खावा!" म्हातारी गेली, पण म्हादेवने हे कलम असं सांभाळलं की काय विचारता! सून आली, पूर्वी नावाची, दादरची पोरगी, गुणी आहे, पहिल्याच गणपतीत मोदक तोंडात टाकला आणि बोलून गेली, "वॉव आई, सॉलिड!" झालं! म्हादेवने पानावरून मान वर केली. "पूर्वी, प्रसादाला सॉलिड म्हणत नाहीत." पोरगी बिचारी गौरीगणपती जाईपर्यंत मुक्याने जेवली.

आणि गेल्या वर्षी, चतुर्थीच्या महिनाभर आधी, लक्ष्मीवहिनींना शुगर निघाली. चांगली सणसणीत. डॉक्टरने गोड बंद केलं. पण वहिनी कसल्या ऐकतात! म्हणजे खायचं ऐकलं, करायचं नाही. एकवीस मोदक देवाचे, तीस आमचे, सगळे स्वतः वळले. जेवायला बसलो. मी नेहमीप्रमाणे मोदकाचं नाक फोडून आत तूप ओतत होतो, माझं लक्ष नव्हतं. पण म्हादेवने बघितलं. वहिनींनी एक मोदक उचलला, नाकाशी नेला, वास घेतला... आणि स्वप्नीलच्या, म्हणजे पोराच्या, पानात ठेवून दिला. बस. एवढंच झालं.

तुम्हाला सांगतो, ते ह्याच्या काळजात रुतलं. वास घेऊन ठेवून देणं म्हणजे काय, हे दुसऱ्या कोणाला कळणार? ह्याने जन्मभर तेच केलेलं. पण ह्याला त्याचा पगार मिळायचा हो, आणि तिला काय मिळालं?

तेव्हापासून म्हादेवच्या तंद्रीत मालवण संपलं आणि हे एकच चित्र सुरू झालं. मला बसवून बसवून सांगायचा. चतुर्थीची दुपार आहे. अगरबत्तीचा धूर खिडकीतल्या उन्हात हळूहळू फिरतोय. कोणाला कसली घाई नाही. लक्ष्मी पानावर बसलीय. काहीतरी गोड आहे, तिला चालणारं. ती घास घेते. डोळे मिटते. आणि मग, बऱ्याच वेळाने, म्हणते... "बरं झालंय हो."

"त्यातलं 'हो' पण नक्की का?" मी विचारलं.

"हो पाहिजेच," म्हणाला. "हो नसेल तर ते दुसऱ्या कोणालाही म्हणाल्यासारखं होतं."

बोला! आणि आपण जपलेलं कलम आपल्याच आड येणार आहे, हे ह्या शहाण्याच्या डोक्यात वर्षभरात एकदाही आलं नाही! तंद्रीत असलं काही सुचतच नाही ना!

तर पूर्वी ऑफिसला न्यायला ओट्सच्या वड्या करते. तिचा तो छोटा ओव्हन आहे, त्यात. म्हादेवने एकदा डब्यावरून वास घेतला आणि तिला पकडलं. ती आपली भाबडेपणाने सांगत बसली. "सोपं असतं बाबा. ओट्स, थोडी कणीक, तूप, सगळं हाताने चोळायचं. निम्मं ट्रेमध्ये दाबून बसवायचं, मध्ये फळाचं सारण पसरायचं, उरलेलं वरून भुरभुरवायचं. एकशे ऐंशीवर पस्तीस मिनिटं. साखर घालायचीच नाही, फळाची गोडी पुरते. मी डॉक्टरांना विचारलंय, आईंना छोटा एक तुकडा चालेल."

"फळ कुठलं?"

"सफरचंद."

म्हादेव उसळला! "सफरचंद? सफरचंद काय फळ आहे? ते पिशवीत घालून हॉस्पिटलात न्यायचं असतं! लक्ष्मीने घास घेतला की तिला वाटेल, आपल्याला ॲडमिट केलंय!"

नाही हो, तुम्ही हसा, पण मला पटलं ते. सणाच्या दिवशी बाईला आजाऱ्याचं खाणं द्यायचं नव्हतं त्याला. मग काय द्यायचं? फणस! तोही बरका, मऊ रसाळ गऱ्यांचा, वहिनींच्या माहेरचा. त्यांचा भाऊ मे महिन्यात गावच्या गाडीवर घालून पाठवतो, आणि वहिनी त्याचा रस काढून बाटली भरून फ्रीझरला ठेवतात, सांदणं करायला. आता स्वतः खात नाहीत, तरी ठेवतात. त्या बाटलीतला रस हा माणूस चोरायला लागला. स्वतःच्या घरात, भरदुपारी, वहिनी भजनाला गेल्या की!

चोरून का? कारण लक्ष्मीवहिनींना कळलं की खेळ खलास! "सरा बाजूला, मेली नुसती सांडलवंड," म्हणून पदर खोचणार, दहा मिनिटांत स्वतःच करणार, आणि मग स्वतःच्या हातचं खाऊन स्वतःलाच काय "बरं झालंय हो" म्हणणार? म्हणून मग एके दुपारी बेल वाजते, मी दार उघडतो, तर समोर म्हादेव, हातात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी, पोर आणल्यासारखं. ओव्हन! माझ्या घरात! मीराबाईच्या मिक्सरचा प्लग काढून तिथे ह्याचा प्लग, आणि ओव्हन खाली फरशीवर! आणि मीराबाई माझ्याकडे बघत होती हो, त्याच्याकडे नाही!

आता पुढची भानगड. त्या ओव्हनमध्ये स्वप्नील दर रविवारी कोंबडीच्या तंगड्या भाजतो. आणि त्यात नैवेद्य? म्हादेवने आधी तो चिंचेने घासला, मग लिंबाने, आणि मग तांब्या घेऊन, तुळशीचं पान बुडवून, आत पाणी शिंपडायला लागला. बटण चालू! मदतीला आलेली पूर्वी किंचाळली, "बाबा, शॉक लागेल!"

"देवाचं पाणी आहे गो."

"करंटला ते माहीत नाही, बाबा!"

शेवटी मांडवली झाली. आत मूठभर वेलच्या टाकून ओव्हन तासभर रिकामा तापवायचा. तापवला. तर कोंबडीचा जुना वास आणि वेलचीचा नवा वास असा काही एक झाला की मीराबाई बाहेरून आली ती नाक वर करूनच, "बिर्याणी कोणी केली? आणि मला ठेवली का नाही?"

मग सुरू झाले घाणे. हे नैवेद्याचे नव्हेत, सरावाचे, म्हणून ह्यांची चव घेतलेली चालते. पण म्हादेव घेईल तर शपथ! "मला आत्तापासून नाकाचीच सवय ठेवली पाहिजे. तू खा, बुधा." मी खा! पहिल्या घाण्याला हा तूपच विसरला. दुसरा ओव्हनमधून काढल्या काढल्या कापला, सगळा भुसा झाला, तो मी चमच्याने खाल्ला. तिसऱ्याचं सांगितलं, कवळी. चौथ्याला ओट्स संपले म्हणून स्वप्नीलला आणायला सांगितले, तर त्याने आणली मसाला ओट्सची पाकिटं! आणि त्या दिवशी आमच्या नाकवाल्या महाराजांना सर्दी! अहो, फणसाच्या सारणात तुम्ही कधी सुका वाटाणा खाल्लाय? जिरं? कांद्याची पूड? मी खाल्लंय. मी हे सगळं खाल्लंय, आणि का, तर एका बाईने "बरं झालंय हो" म्हणावं म्हणून!

पण पाचवा घाणा... त्याचं मात्र वेगळं झालं. त्याला मी नावं ठेवणार नाही.

दुपारचे तीन वाजले असतील. म्हादेवने ट्रे आत सरकवला आणि पाट घेऊन ओव्हनसमोर बसला. त्याला ती काचेची खिडकी असते ना, आत पिवळा दिवा लागतो. मी म्हटलं, चला, आपणही बसू. स्वयंपाकघराच्या खिडकीतून लांब शिवडीच्या बंदरातल्या क्रेन दिसतात, त्याही त्या दिवशी अगदी सावकाश, पेंगत असल्यासारख्या हलत होत्या. आत कडेकडेने तूप बुडबुडायला लागलं. ओट्सना रंग चढायला लागला. आणि मग फणसाचा वास आला. आधी थोडा, मग घरभर.

म्हादेव हळू आवाजात बोलायला लागला, माझ्याशी नव्हे, त्या दिव्याशीच. "आई तवशाचं धोंडस करायची. वेलीवरची मोठी पिकलेली काकडी, गूळ, तांदळाच्या कण्या. टोपाला खाली निखारे, वर झाकणावर निखारे. आम्ही पोरं गोल बसायचो. झाकण उघडायची नाही, चव तर नाहीच. म्हणायची, 'वास बदलतलो, तेवा उघडूचा.' आम्ही विचारायचो, कधी बदलतलो? तर म्हणायची, 'जेका कळता, तेका कळता...'"

आणि गप्प झाला. गेला! आणि खोटं कशाला बोलू, मी पण गेलो. मला माझी आत्या दिसली, चुलीपुढे बसलेली, तिच्या हातातल्या काचेच्या हिरव्या बांगड्या दिसल्या, ती वारल्याला पस्तीस वर्षं झाली, आणि बांगड्या अगदी स्पष्ट! दोन म्हातारे पाटावर मांडी घालून, उजेड तोंडावर, घड्याळ टिकटिकतंय, कोणी काही बोलत नाही. इतकं बरं वाटत होतं हो! वाटत होतं, हे पस्तीस मिनिटांचं बटण असंच फिरत राहावं, आणि कोणी हाक मारू नये.

हाक कसली, मीराबाईची आरोळीच आली. "धूर! अहो धूर! दोघंही मेलात की काय?" वड्यांचा कोळसा. तोही मी खाल्ला, एका कोपऱ्यातला. कारण म्हादेवने विचारलं, "आतून बरं आहे का बघ ना."

सहावा घाणा जमला. खरंच जमला. वर खुसखुशीत, आत मऊ, फणसाची गोडी अगदी बेताची. मी डोळे मिटले, घास घेतला आणि मनापासून म्हटलं, "म्हाद्या, बरं झालंय हो!"

तर तो काय म्हणाला माहितेय? म्हणाला, "तुझं नको रे."

ऐका! सहा घाणे खाल्ले, कवळी गहाण टाकली, आणि माझं "बरं झालंय" ह्याला नको!

चतुर्थी उजाडली. म्हादेव पहाटेच अंघोळ करून, सोवळं नेसून माझ्या घरी हजर. आता हा घाणा देवाचा, म्हणजे मी चव घ्यायची नाही, त्याने घ्यायची नाही, कोणीच नाही. पाटावर बसला. मी त्याला कोपराने ढोसत होतो, म्हटलं तंद्री लावू नकोस. पण त्या दिवशी त्याचे डोळे ताठ होते. नाकपुड्या हलत होत्या. आणि बटणाची दोन मिनिटं बाकी असताना एकदम म्हणाला, "बदलला!" दार उघडलं. मला तर काही बदललेला कळला नाही. तो ट्रे दोन्ही हातांनी धरून लॉबीतून निघाला, तेवढ्यात लिफ्ट उघडली, बाराव्या मजल्यावरचा माणूस कुत्रा घेऊन चुकून आमच्या मजल्यावर! म्हादेव सोवळ्यात, ट्रे डोक्याच्या वर, "शिवू नका! शिवू नका!" आणि कुत्रा फणसाच्या वासाने खुळावलेला... मी कुत्र्याच्या आणि देवाच्या मध्ये आडवा उभा राहिलो. त्याचंही कोणी नाव काढत नाही.

वड्या मोदकांच्या शेजारी ठेवल्या. लक्ष्मीवहिनींनी बघितलं. "हे काय?"

"ओट्सच्या वड्या," म्हादेव म्हणाला, सोवळ्याचं टोक चाळवत. "मी केल्या. तुला चालतील."

वहिनींनी काही विचारलं नाही. तुळशीचं पान आणलं, वड्यांवर ठेवलं, पाणी फिरवलं. आरती झाली. आणि मग म्हादेव गाऱ्हाणं घालायला उभा राहिला, घरातला मोठा तोच ना. "बा देवा गणपती म्हाराजा..." "व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे. "आज जी काय वेडीवाकडी सेवा तुझ्या चरणाकडे रुजू केलंव, ती गोड मानून घे..." "व्हय म्हाराजा!" "काय चुकला-माकला आसात, ता पदरात घे..." "व्हय म्हाराजा!" "आणि... आणि..." थांबला. वहिनींकडे बघितलं. देवाकडे बघितलं. आता ते मागणं सगळ्यांच्या देखत कसं मागायचं? शेवटी म्हणाला, "आणि जा काय माझ्या मनात आसा, ता तुका ठावक आसा, रे म्हाराजा!" मी सगळ्यांच्या वर आवाज काढून ओरडलो, "व्हय म्हाराजा!" सहा घाणे खाल्ले होते मी, माझा हक्क होता.

जेवायला बसलो. मीराबाई आणि मी दर वर्षी तिथेच असतो. खिडकीतून ऊन आलं. अगरबत्तीचा धूर त्या उन्हात हळूहळू फिरायला लागला. मी म्हादेवकडे बघितलं, म्हादेव धुराकडे बघत होता. अगदी तसंच होत होतं सगळं, त्याच्या तंद्रीत होतं तसंच! वहिनींनी वडी उचलली. नाकाशी नेली. वास घेतला. म्हादेवचा श्वास अडकला, मला ऐकू आला अडकलेला. आणि वहिनींनी घास घेतला. डोळे मिटले. सावकाश चावत राहिल्या. वर्षाने गोड खात होत्या, वर्षाने! पानात पडलेला चुरासुद्धा बोटाने टिपून टिपून खाल्ला. पाणी प्यायल्या. डोळे उघडले. आणि म्हणाल्या...

"पूर्वी, बाबांना कढी वाढ गं."

बस! कढी! म्हादेवचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. वर्षभराची तंद्री, दहा दिवसांची मेहनत, आणि कढी! हातातला भात हातातच राहिला. कढी वाटीत पडली, गार झाली. मी मनात म्हटलं, अरे, हे तुझ्याच आईचं कलम! ती तुझंच पाळतेय! पण म्हादेवला राहवेना. त्याने तोंड उघडलं.

"कसं..." म्हणाला.

स्वप्नीलचा घास वाटेत थांबला. पूर्वी पळी धरून उभीच.

"कसं झालंय?"

त्या घरात, गणपतीपुढे, पानावर बसून, म्हादेवने विचारलं! लक्ष्मीवहिनींनी त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही हो. अगदी शांतपणे म्हणाल्या, "अहो, प्रसादाला कसं झालंय विचारतात होय?"

"लग्नानंतरच्या पहिल्या चतुर्थीला मी विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "एकवीस मोदक एकटीने वळले होते. वाफेने बोटं भाजली होती. तुम्ही हात धुवायला आलात तेव्हा हळूच विचारलं, कसे झाले? तर तुम्ही हेच म्हणालात. ह्याच शब्दांत. अडतीस वर्षं झाली. परत नाही विचारलं मी."

म्हादेव खाली बघत राहिला. मला वाटलं, लागली तंद्री. पण नाही. मान वर केली आणि म्हणाला, "बरे झाले होते."

"कुठले? आजचे?"

"तेव्हाचे. पहिले. तू जायफळ घातलं होतंस, आई वेलची घालायची. वाफेचा वास मला अजून येतो." त्याचा आवाज फुटला. "आजचेपण बरे झालेत. मधलेपण. सगळेच बरे झाले होते गो. मी बोललो नाही, चुकलं माझं."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. पूर्वी तर सरळ रडायलाच लागली. मी कढीचं वाटगं तोंडाला लावलं, दुसरं काय करणार!

मग वहिनींनी नाक पुसलं, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "आता बोलायचं ठरलंच आहे, तर ऐका. मिठाची कणी घातली नाहीत. ओट्स आधी कोरडे परतून घ्यायला हवे होते. खालून जरा जास्त लागलंय. आणि बाटलीतला रस घेतलात तो घेतलात, वर पाणी ओतून ती गळ्यापर्यंत कशाला भरून ठेवलीत? फुटली असती फ्रीझरमध्ये!"

"तुला माहीत होतं?"

"दहा दिवस बुधाभावजींच्या दारातून माझ्या माहेरच्या फणसाचा वास येतोय. मला काय सर्दी झालीय?" आणि मग पानाकडे बघत, जरा लाजत, हो, ह्या वयात लाजत, म्हणाल्या, "पूर्वी, मला एकच ना गं चालते?"

"एकच, आई."

"मग उद्यासाठी एक बाजूला ठेव. झाकून ठेव नीट. स्वप्नील खाईल."

झालं! म्हणजे "बरं झालंय हो" काही आलं नाही, नीट ऐका, ते शब्द आले नाहीत ते नाहीतच! पण म्हादेव हात धुताना माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "बुधा, उद्यासाठी ठेव म्हणाली..." आणि नळ चालू ठेवूनच तंद्रीत गेला. मी नळ बंद केला. हाक मारली नाही.

आता माझं ऐका, आणि मग मी गप्प बसतो. त्या दिवशी मी घरी आलो ते डोक्यात एकच घेऊन. म्हटलं, बुधाजी, तुझ्या लग्नालाही चौतीस वर्षं झाली. तू कधी म्हणालास? आमच्याकडे तर कसलं कलमही नाही, मला कोणी अडवलं होतं? दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. पानात वाटीभर ऋषीची भाजी. अळू, भेंडी, लाल माठ, मक्याचे तुकडे, वर खोबरं. मी घास घेतला. डोळे मिटले. छाती भरून आली हो माझी, चौतीस वर्षांचं एकदम भरून आलं, आणि मी म्हटलं, "मीरा... भाजी बरी झालीय हो."

मीराबाईने पळी खाली ठेवली. माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लक्ष्मीवहिनींची वाटी आहे ती. आपली अजून गॅसवर आहे."